गुलाल आणि भंडारा: घरी करायचा की विकत आणायचा?

फाल्गुन लागला की सातारा-सांगलीकडे हा प्रश्न हमखास निघतो. घरात मुलं रंगपंचमीचे दिवस मोजत असतात, शाळेत बाईंनी ‘यंदा फक्त नैसर्गिक रंग’ असं जाहीर केलेलं असतं आणि मंडळाचा खजिनदार पोत्याचा भाव काढून आलेला असतो. या तिघांना एकच उत्तर देता येत नाही. रंग किती लागणार, कोणत्या महिन्यात लागणार आणि तो गालाला लावणार की हवेत उधळणार, हे आधी ठरवावं लागतं. थोडक्यात माझं मत असं: चार-दहा मुलांच्या रंगपंचमीला घरचा रंग उत्तम. दोनशे-तीनशे माणसांच्या कार्यक्रमाला विकतचा घ्यावा, पण पारखून. आणि भंडारा तयार पाकिटातला घेऊच नये. हळकुंडं घेऊन डोळ्यांदेखत दळून आणावा.

भंडाऱ्यापासूनच सुरुवात करू. कराड तालुक्यातल्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, तेव्हा तारळीचा काठ पिवळा होऊन जातो. कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाची यात्रा, शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची. सगळीकडे भंडारा आणि खोबरं उधळलं जातं. उधळलेलं खोबरं आपण उचलून खातो, भंडारा कपाळाला लावतो, लहान मुलाच्या जिभेलाही टेकवतो. म्हणजे भंडारा ही पोटात जाणारी वस्तू आहे. तिच्यात काय आहे हे पाहण्याची काळजी स्वयंपाकघरातल्या हळदीइतकीच घ्यायला हवी.

आणि हळदीसाठी आपल्याला लांब जावं लागत नाही. सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, ते देशभरचे व्यापारी पाहत असतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी पद्धत होती. २००५ च्या महापुराने त्यातली कितीतरी पेवं निकामी केली. इतकी हळद पाठीशी असताना यात्रेच्या कमानीखाली पिवळ्या पिठाची पिशवी घेणं म्हणजे गुऱ्हाळाच्या दारात उभं राहून साखरेचं पाकीट फोडण्यासारखं आहे.

तयार भंडारा खरा की खोटा, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बाजारात त्या आठवड्यात हळकुंडाचा किलोचा भाव काय, तो विचारा. भंडारा त्याहून स्वस्त असेल तर त्यात हळद नावापुरती आहे किंवा मुळीच नाही. हळकुंड स्वच्छ करायचं, दळायचं, चाळायचं, पिशवीत भरायचं आणि तरी मूळ मालापेक्षा कमी भावात विकायचं, हे कुठल्याच व्यापाऱ्याला परवडत नाही. अशा मालात बहुतेक वेळा मक्याचं किंवा तांदळाचं पीठ, नाहीतर दगडाची भुकटी, आणि वर पिवळा रासायनिक रंग असतो. हळदीच्या भेसळीत मेटॅनिल यलो या रंगाचं नाव वर्षानुवर्षं येत आलं आहे. तो खाण्यासाठी मंजूर नाही. घरी एक साधी तपासणी करा. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चमचाभर भंडारा टाका आणि न ढवळता ठेवून द्या. खरी हळद हळूहळू तळाला बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. रंग घातलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं आणि तसंच राहतं.

मग करायचं काय? हळदीचा गड्डा घ्या. गड्डा म्हणजे मातृकंद; लांब बोटासारख्या हळकुंडापेक्षा तो सहसा स्वस्त मिळतो आणि भंडाऱ्याला त्याने काही अडत नाही. शक्यतो पॉलिश न केलेला माल मागा. दिसायला तो मातकट असतो, पण वरून रंग चढवलेला नसतो. दक्षिण आशियात काही ठिकाणी हळद उजळ दिसावी म्हणून लेड क्रोमेट वापरल्याचं आढळलं आहे आणि त्यातलं शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं. तेव्हा नजरेत भरणाऱ्या पिवळ्या झळाळीला भुलू नका. घरी आणलेला गड्डा पाण्यातून पटकन काढून कडक उन्हात वाळवा, खलबत्त्यात फोडून बारीक करा आणि कांडपावर न्या.

कांडपावर एक गोष्ट न विसरता विचारा: आधी काय दळलं होतं? चटणीचे दिवस असतील तर यंत्रात मिरचीचा भुगा हमखास राहिलेला असतो. त्याच यंत्रातून काढलेला भंडारा यात्रेत उधळलात तर लोकांच्या डोळ्यांची आग होईल. सकाळचा पहिला नंबर लावा, किंवा आधी किलोभर तांदूळ दळून यंत्र साफ करून घ्या. ते तांदळाचं पीठ टाकून देऊ नका, चटणीत खपतं. भंडारा अगदी मैद्यासारखा बारीकही करू नका. जरा जाडसर असला तर तो हातातून नीट सुटतो, हवेत कमी तरंगतो आणि नाकातोंडात कमी जातो.

‘पोतं पोतं खरी हळद उधळायची म्हणजे किती खर्च’ असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. देवाला मूठभर भंडारा पुरतो. तळी भरायला आणि कपाळाला शुद्ध हळद वापरावी. उधळायला मोठं प्रमाण हवंच असेल तर तांदळाचं पीठ मिसळावं आणि मिसळलं आहे हे सगळ्यांना उघड सांगावं.

आता गुलाल. म्हसवडला मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो, आटपाडी तालुक्यात खरसुंडीला चैत्रात सासनकाठ्या नाचतात, तिथे गुलाल-खोबऱ्याची उधळण असते. गणपती विसर्जन, निवडणुकीचा निकाल, बैलगाडा शर्यत, कुस्तीचा फड, सगळीकडे गुलाल. जुना गुलाल पिठाच्या सत्त्वाला पतंगाच्या लाकडाचा रंग देऊन करत. हे पतंग काष्ठौषधींच्या दुकानात ढलप्यांच्या रूपात आजही मिळतं. घरी रंग करायचाच असेल तर मी पहिली पसंती यालाच देईन.

पद्धत अशी. शंभर ग्रॅम ढलप्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी मंद आचेवर उकळा, पाणी आटून पाव लिटरच्या आसपास राहिलं की गाळून घ्या. यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की नारिंगी झाक जाऊन पाणी लालभडक होतं. लिंबू पिळलं तर उलट पिवळट होतं, म्हणून ते लांब ठेवा. पाणी गार झाल्यावर किलोभर कॉर्नफ्लॉवरमध्ये थोडं थोडं शिंपडत हाताने चोळत जा. पिठाचा ओला भुगा झाला पाहिजे, काला होता कामा नये. सुती कापडावर बोटभरापेक्षा कमी जाडीचा थर पसरून सावलीत वाळवा. उन्हाची घाई केली तर रंग विटतो. मार्चच्या हवेत दीड-दोन दिवसांत पीठ खडखडीत होतं. मग मिक्सरमधून थोडं थोडं फिरवून बारीक चाळणीने चाळा. मिक्सर फिरवताना शेजारची गॅसची शेगडी बंद हवी. का, ते पुढे सांगतो.

पीठ कोणतं घ्यावं, यात बरेच जण चुकतात. कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचं सत्त्व, पांढरंशुभ्र आणि बोटांना करकरणारं. भाकरीसाठी येतं ते मक्याचं पिवळं पीठ इथे चालत नाही. मैदा ओला झाला की चिकट गोळा होतो आणि वाळल्यावर त्याचा दगड बनतो. बेसन चेहऱ्याला लावायला छान, पण घामात लिंपलं जातं आणि उरलं तर पोरकिडे धरतं. तांदळाचं पीठ चालतं, पण पिठीसारखं बारीक दळलेलं हवं, नाहीतर गालाला खरखरतं. रांगोळी मात्र कधीच नको. ती दगडाची भुकटी असते, डोळ्यात गेली तर बुबुळ खरवडते.

पतंगाखेरीज काय? पिवळ्यासाठी हळद आहेच. किलोभर पिठाला शंभर ग्रॅम हळद कोरडीच मिसळली तरी छान रंग येतो. केशरीसाठी पळस. फाल्गुनात माळावर आणि डोंगरउतारावर पळस पेटल्यासारखे दिसतात. झाडाखाली गळून पडलेली फुलंच गोळा करा, फांद्या ओरबाडू नका. ती उकळून आटवलेलं पाणी वरच्याच पद्धतीने पिठात मुरवा. पळसाचं पाणी पिचकारीत तर फारच खुलतं, पिठात जरा फिकं पडतं. बीटाचा रस कच्चाच वापरा. तो शिजवला की तपकिरी होतो, आणि रंगही फार दिवस टिकत नाही, म्हणून रंगपंचमीच्या तीन-चार दिवस आधीच करा.

हिरवा आणि निळा घरी झाडपाल्यातून करायचा हट्ट मात्र धरू नये. पालकाचा हिरवा वाळेपर्यंत शेवाळी होतो. मेंदीची पूड कोरडी असताना निरुपद्रवी दिसते, पण वरून पाणी पडलं की कपाळ आठवडाभर रंगलेलं राहतं. त्यापेक्षा खाण्याचे मंजूर रंग वापरा. टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लू मिळून चांगला हिरवा होतो. किलोभर पिठाला एक-दोन चमचे पूड पाण्यात विरघळवून पुरते. खाण्याचा रंग म्हणजे डाग पडत नाही असं नाही. कॉर्नफ्लॉवरवर चढलेला रंग ओल्या अंगावर उतरतोच. जुने कपडे घाला आणि अंगाला खोबरेल चोळून बाहेर पडा.

हळदीचा एक खेळ ठाऊक असू द्या. हळद लागलेला पांढरा सदरा साबणात बुडवला की डाग रक्तासारखा लाल होतो आणि घरात ओरड होते. साबण अल्कधर्मी असतो, त्याने हळद लाल दिसते. लिंबू किंवा व्हिनेगर लावलं की ती पुन्हा पिवळी होते. मग सदरा धुऊन कडक उन्हात टाका, उन्हाने हळदीचा डाग उडतो. हळदीच्या याच लहरीवर आपलं जुनं कुंकू उभं आहे: हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार. घरचं कुंकू कपाळापुरतं ठीक, पण तेच उधळायला वापरू नका. टाकणखार डोळ्यात गेला तर झोंबतो.

इथवर सगळं किलो-दोन किलोचं झालं. आता शाळेचा हिशेब करा. तीनशे मुलं, प्रत्येकाला शंभर ग्रॅम, म्हणजे तीस किलो. मिक्सरच्या भांड्यात एका वेळी दोनशे ग्रॅम बसतं, म्हणजे दीडशे वेळा मिक्सर फिरवायचा. सात-आठ लिटर पाणी सावलीत सुकवायचं, त्यासाठी शाळेचं सगळं सभागृह लागेल. एखाद्या कोपऱ्यात ओल राहिली तर पिठाला आंबूस वास येतो आणि पुढे बुरशी. उत्साही पालकांनी हा घाट घालू नये. मुलांकडून वर्गावर्गात किलोभर करून घ्या. पतंगाचं पाणी सोड्याने रंग बदलतं, हा विज्ञानाचा चांगला तास होतो. बाकीचा रंग विकत आणा.

आणखी एक मधला मार्ग आहे. सांगलीच्या गणपती पेठेसारख्या घाऊक बाजारात कॉर्नफ्लॉवर पोत्याने मिळतं. पांढरं पोतं आणून त्यात हळद कोरडीच मिसळली तर वाळवण्याचं कामच उरत नाही. एका रंगावर भागत असेल तर मोठ्या कार्यक्रमालाही हे झेपतं, आणि आत काय आहे हे छातीठोकपणे सांगता येतं.

विकतचा गुलाल पारखायचा कसा? पाकिटावरच्या ‘हर्बल’, ‘ऑरगॅनिक’ या शब्दांना मी काडीची किंमत देत नाही. घटक काय आहेत आणि बनवणाऱ्याचा पत्ता आहे का, एवढं बघा. मग पोतं घेण्याआधी मूठभर नमुना घरी आणा. चमचाभर गुलाल वाटीभर पाण्यात ढवळून गॅसवर ठेवा. उकळी येता येता खळीसारखा दाट झाला तर तो सत्त्वाचा आहे. पाणी पातळच राहिलं आणि गुलाल तळाला बसला तर ती दगडाची किंवा खडूची भुकटी. दुसरा नमुना बशीत घेऊन त्यावर लिंबू पिळा. फसफसला तर खडू. चिमूटभर दोन बोटांत चोळा. कणकण लागले किंवा उन्हात चमचम दिसली तर पोतं परत करा. अशा चमकीचे तुकडे डोळ्याला जखम करतात.

गुलाबी गुलालाबाबत जास्त सावध राहा. तो गडद गुलाबी, डोळ्यात खुपणारा रंग ऱ्होडामाइन बी या कापडाच्या रंगातूनही येतो. २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकाने म्हातारीच्या केसांच्या, म्हणजे कॉटन कँडीच्या, रंगाबाबत कडक पावलं उचलली ती याच्यामुळेच. ग्लासभर पाण्यात चिमूटभर गुलाल टाकून तो उन्हात बाजूने पाहा. पाण्यात नारिंगी झगझगीत चमक दिसली तर तो गुलाल चेहऱ्याला लावू नका. डब्यांत मिळणारे सुटे, पक्के रंग तर घरात आणूच नका. ते कापडासाठी आणि कारखान्यासाठी असतात.

महिना पाहा, असं वर म्हटलं त्याचं कारण आपला पाऊस. रंगपंचमीला आणि पौषातल्या यात्रांना हवा कोरडी असते, घरी केलेलं वाळतं. भाद्रपदात मात्र पाटण-जावळीकडे भिंतीही ओल्या असतात. गणपतीसाठी गुलाल घरी करायच्या भानगडीत पडू नका. हवाच असेल तर मार्च-एप्रिलमध्ये करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खरं तर विसर्जनात गुलाल लागतोच कशाला, हाही विचार व्हावा. भिजलेला गुलाल रस्त्यावर चिखल करतो, ढोलवाल्यांच्या छातीत जातो आणि शेवटी नदीत. अनेक मंडळांनी तो बंद करून फुलांच्या पाकळ्या धरल्या आहेत. बैलगाडा शर्यतीतल्या खिल्लारांच्या तोंडावर गुलाल फेकणाऱ्यांना तर कुणीतरी हटकायलाच हवं. बैलाला डोळे चोळता येत नाहीत.

आता त्या शेगडीची गोष्ट. आपण करतो तो सगळ्यात निर्धोक रंग, म्हणजे पिठाचा आणि हळदीचा, जळणारा असतो. पोत्यात असेपर्यंत काही होत नाही. पण बारीक होऊन हवेत पसरला की प्रत्येक कणाभोवती हवा असते आणि एका ठिणगीने सगळा ढग एकदम पेटतो. २७ जून २०१५ ला तैवानमध्ये न्यू तैपेईच्या एका जलक्रीडा उद्यानात रंगांचा कार्यक्रम चालू होता. रंगवलेल्या मक्याच्या सत्त्वाचा ढग पेटला आणि १५ जणांचा जीव गेला, पाचशेच्या आसपास लोक भाजले. हे लांबचं वाटत असेल तर आपल्याच शेजारचं आठवा. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला, त्या संध्याकाळी चंदगड मतदारसंघातल्या महागावात विजयाच्या मिरवणुकीत महिला औक्षण करत होत्या. जेसीबीतून गुलाल ओतला गेला, आरतीच्या ताटांवर पडला आणि भडका उडाला. काही जण भाजले.

‘नैसर्गिक रंग आहे, मग भीती कसली’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. खडूचा गुलाल डोळ्यांना वाईट, पण तो पेटत नाही. पिठाचा गुलाल त्वचेला चांगला, पण विस्तवाजवळ धोक्याचा. म्हणून चांगला रंग आणला की तो उधळण्याची रीतही बदलायला हवी. जेसीबी, कॉम्प्रेसर, पंखे आणि कागदाच्या तोफा यांतून पिठाचा रंग उडवू नका. बंद मांडवात उधळू नका. दमेकरी माणसं आणि तान्ही मुलं वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा, लेन्स वापरणाऱ्यांना त्या आधीच काढायला सांगा. डोळ्यात रंग गेला तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने पाच-दहा मिनिटं धुवायचं आणि तरीही खुपत राहिलं तर डॉक्टर गाठायचा.

यात्रा कमिटीच्या आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत एवढा एक ठराव करून घ्या: आधी औक्षण, ताटं आणि निरांजनं बाजूला गेल्याची खात्री, फटाके बंद, आणि मगच गुलाल किंवा भंडारा, तोही हाताने. हा ठराव मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर आणि जेसीबीवाल्यांनाही वाचून दाखवा.